अळूच समज

राजरत्न सकपाळसमोर कुणी ‘मनी प्लांट’ हा शब्द काढला की त्याच्या कपाळाची शीर उडायला लागायची. आणि करी रोडच्या त्या चाळीत तर सगळंच मनी प्लांट. वेल दिसली, पान हिरवं दिसलं, झालं. सिंगोनियम मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन मनी प्लांट, आणि एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या जाईबाईने चक्क नागवेलीला मनी प्लांट म्हटलं. जी बाई दिवसातून चार वेळा विडा खाते, तिने. राजरत्न त्या दिवशी रागाने जेवला नाही असं चाळीत सांगतात, पण ते काही खरं नसावं. रागावला की तो उलट दोन भाकऱ्या जास्त खातो.

बरं, फरक ओळखायला काही मोठी विद्या लागत नाही. पोथॉस, म्हणजे खरा मनी प्लांट, त्याच्या देठाला वरून पन्हाळीसारखी खाच असते, बोट फिरवलं की कळते. फिलोडेंड्रॉनचा देठ गुळगुळीत, आणि त्याचं नवं पान एका पातळ पापुद्र्यात गुंडाळून येतं, मग तो पापुद्रा वाळून गळतो. एवढंच. हे त्याने चाळीतल्या प्रत्येकाला निदान तीनदा तरी सांगितलं असेल. लोक मान डोलवायचे, बोट फिरवायचे, ‘हो की’ म्हणायचे आणि जाताना विचारायचे, मग काका, हा मनी प्लांट पाण्यात ठेवू की मातीत?

त्यात ते चोरीचं खूळ. मनी प्लांट म्हणे चोरून आणलेलाच लागतो, कुणी हाताने दिलेला लागत नाही. त्यामुळे राजरत्नच्या गॅलरीतून दर महिन्याला काही ना काही तोडलं जायचं. तो म्हणायचा, अरे मागा, मी नीट गाठीखाली कापून देतो, मुळं फुटतील असा तुकडा देतो. नको. एकदा खालच्या मजल्यावरची नवी सून समोर उभी राहिली आणि लाजत म्हणाली, काका, तुम्ही जरा तिकडे तोंड करता का? म्हणजे चोरी झाली असं धरता येईल. राजरत्नने तोंड फिरवलं. तिने खुडलं ते डिफेनबाखियाचं पान, जे लावून साता जन्मात वेल येणार नाही. आता अशा माणसांशी काय बोलायचं?

वैताग यायला कारण होतं. नावं हीच राजरत्नची आयुष्यभराची कमाई. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली तेव्हा हा दहावीत. पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. एकविसाव्या वर्षी दादरच्या बाजूला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला. काम काय, तर काचेच्या बशा धुवायच्या, कुंड्यांना पाणी घालायचं, मागच्या जाळीच्या खोलीतली नेच्यांची आणि शोभेच्या पानांची झाडं जगवायची आणि परीक्षेच्या दिवशी मुलांना ओळखायला लागणारी पानं आणून टेबलांवर मांडायची. प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी, तिच्यावर नाव. ती नावं त्याने एकेक अक्षर लावत पाठ केली. चौतीस वर्षांनी परिस्थिती अशी होती की बाहेरून आलेले परीक्षक एखाद्या पानाशी अडले की चष्मा पुसायच्या निमित्ताने राजरत्नकडे बघायचे. तो हळूच सांगायचा. पट्टीवर एक अक्षर चुकलेलं असलं तर तेही सांगायचा, आणि ते मात्र हळू नाही.

निवृत्त झाला तेव्हा कॉलेजने शाल दिली आणि भिंतीवरचं घड्याळ. त्याच महिन्यात जाळीची खोली पाडून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. राजरत्न म्हणाला, घड्याळ ठेवा, कुंड्या द्या. दोन टेम्पो भरून झाडं चाळीत आली. बायको विशाखा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिने सासूची लांबलचक दुखणी काढली होती, नवऱ्याचा हट्टही काढला होता, पण जिन्यावरून चाळीस कुंड्या वर येताना बघून ती खाली बसली आणि म्हणाली, आता आपण झोपायचं कुठे तेवढं सांगा.

झाडांची रांग बाहेर गॅलरीत लागली आणि झोपायचा प्रश्न सुटला. रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटके माठ. समोर बावन्न मजली टॉवर झाल्यापासून चाळीवर थेट ऊन पडत नव्हतं. लोकांच्या तुळशी आणि गुलाब गेले. राजरत्नची झाडं मात्र फोफावली, कारण ती मुळात रानातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी जात. चाळीला वाटलं याच्या हाताला गुण आहे. तो सांगून थकला की गुण माझा नाही, सावलीचा आहे. पण तेही कुणी ऐकलं नाही, आणि लोक आपापली मरायला टेकलेली झाडं घेऊन दारात यायला लागले.

मरायला टेकलेली म्हणजे बुडवलेली. दहातली नऊ. पान पिवळं पडलं की पाणी, पान गळलं की आणखी पाणी, पाहुणे आले आणि बाटलीत उरलं की तेही कुंडीत. राजरत्न मातीत बोट घालायचा, दोन पेरं, आणि चिखलाने भरलेलं बोट त्या माणसाच्या नाकासमोर धरायचा. टॉवरमधल्या एकतिसाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर झाडाच्या पानांना दूध लावलं होतं, चमकायला. मुंग्या लागल्या. त्या मुंग्या मारायला फवारा मारला, तो पंख्याखाली, बंद खोलीत. राजरत्न तिथून परत आला तेव्हा त्याला चहाही नको होता. म्हणाला, झाडाला सांभाळणं म्हणजे त्याला एकटं सोडणं, हे या लोकांना जमतच नाही.

असल्याच एका संध्याकाळी ते घडलं. दिवाळी होऊन गेली होती. टॉवरमधून तो तणतणत वर आला आणि गॅलरीच्या टोकाला, नळाजवळ, सुंदरामावशी दारात तांदूळ निवडत बसलेली.

सुंदरामावशी म्हणजे राजरत्नच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. चिपळूणकडची. त्याची आई गिरणीच्या संपात भाजी विकायला बाहेर पडली तेव्हा या मावशीने त्याला आपल्या पोरांत जेवू घातलं. आता वय शहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, आणि गुडघ्यांनी जिना कधीचाच सोडलेला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण अळूवडी करावी तर तिनेच. चिंच किती, गूळ किती, उंडा किती घट्ट बांधायचा, हे सगळं तिच्या हातात होतं. चाळीतलं एकही बारसं, एकही साखरपुडा तिच्या वडीशिवाय झाला नव्हता. गेल्या वर्षी मात्र गॅस चालू राहिला आणि सून किर्तीने तिला शेगडीजवळ जायला बंदी केली. किर्ती काही वाईट नाही. ती घाबरली होती एवढंच, पण घाबरलेली माणसं फार मोठ्याने बोलतात.

तर मावशीच्या दाराला लागूनच एका निळ्या पिंपात राजरत्नचं सगळ्यात मोठं झाड होतं. छातीइतकं उंच, सुपाएवढी पानं, वर टोक करून उभी. येणारा जाणारा विचारायचा हे काय, आणि राजरत्न सांगायचा, अलोकेशिया मॅक्रोरायझॉस. पुढे तेही सांगायचा की आधी मॅक्रोरायझा म्हणत, आता बदललंय. मग लोक त्याचं अल्का आशिया करायचे. पोरं तर त्या झाडाला अल्काताई म्हणायला लागली होती.

मावशीने विचारलं, “राजा, काय रे नाव ह्याचं? मागे सांगितलं होतंस, राहिलं नाही डोक्यात.”

डोकं आधीच तापलेलं. दुधाची पानं, मुंग्या, फवारा. आता ही शहात्तर वर्षांची बाई मॅक्रोरायझॉसचं काय करणार आणि आपण ते किती वेळा ऐकणार, असं त्याच्या मनात आलं. तो चपला काढता काढता म्हणाला, “मावशी, अळूच समज.”

आणि आत गेला. खोटं बोललो असं त्याला वाटलंही नाही. कूळ एकच ना. चुलत भाऊच म्हणायचा.

मार्चमध्ये राजरत्नच्या मुलीचा, दीपिकाचा, साखरपुडा ठरला. मुलगा शिवडीचा, मयूर, बंदरात एका गोदामाचं काम बघणारा, साधा आणि हसरा. रविवारी सकाळी अकराला मुलाकडची माणसं यायची, बुद्धवंदना व्हायची, मग अंगठ्या आणि जेवण. जेवण बाहेरून सांगितलं होतं. वडी सोडून. वडी मी करणार, असं सुंदरामावशीने आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं. किर्ती नको म्हणाली, विशाखा नको म्हणाली, दीपिकाने स्वतः जाऊन समजावलं. मावशी ऐकेना. तुझ्या आईच्या डोहाळजेवणाला मी केली, तुझ्या बारशाला मी केली, आता हात बांधून बसू होय? शेवटी किर्तीने एक अट घातली, तळण मी करीन. मावशी त्याला कबूल झाली.

पानं कुठून आणणार हे कुणी विचारलं नाही. किर्तीला वाटलं विशाखाने आणली, विशाखाला वाटलं किर्तीने. आपल्याकडे समारंभात अशाच गोष्टी राहतात.

रविवारी साडेदहाला राजरत्न नवा सदरा घालून नळाजवळ हात धुवायला गेला आणि पिंपाकडे बघून थबकला. सहा देठ. कोवळ्या पानांचे सहाच्या सहा देठ विळीने तासल्यासारखे सरळ कापलेले, आणि कापल्या जागी चीक सुकलेला. पहिला विचार कुठला यावा? चोरी. आता अल्काताईसुद्धा मनी प्लांट झाली का यांची? त्याच्या कपाळाची शीर उडायला लागलीच होती, तेवढ्यात मावशीच्या खोलीतून वास आला. तिळाचा, चिंचेचा आणि तळलेल्या बेसनाचा.

पानं वडीत गेली होती.

अळूच्या सगळ्या कुळाच्या पानांत डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखे खडे असतात. खायच्या अळूत थोडे, ते शिजवून आणि चिंच घालून बसतात. या झाडात ते असे खच्चून भरलेले की शिजवा, तळा, काही करा, जीभ आणि घसा सुजल्याशिवाय राहत नाही. लहान मूल असलं तर श्वासाला जड जातं. कॉलेजात एका मुलाने पैजेवर नखभर तुकडा चावला होता. त्याचे सुजलेले ओठ राजरत्नला अजून आठवत होते. आणि आज गॅलरीत पस्तीस माणसं जेवणार, त्यांत सात पोरं, मयूरची आजी आणि शिवडीचं अख्खं सासर.

तो मावशीच्या दाराकडे वळला आणि नेमकी तेव्हाच खाली गाड्या आल्या. विशाखाने त्याचा दंड धरून त्याला जिन्याकडे फिरवलं. हार, नमस्कार, या बसा. तो तिच्या कानात म्हणाला, वडीचं पान चुकलंय. तिने दातांवर दात ठेवून हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं की आजच्या दिवशी तरी नावं काढू नका, हात जोडते.

आता हेच तर. कॉलेजातली चौतीस आणि निवृत्तीनंतरची चार, अडतीस वर्षं हा माणूस येईल त्याला सांगत आला होता की तुमचं नाव चुकलंय. आज एकदा खरोखर कुणाच्या घशाशी गाठ होती, आणि त्याच्या तोंडून तेच वाक्य निघालं, आणि अर्थातच कुणी ढुंकून बघितलं नाही.

वंदना सुरू झाली. मूर्तीसमोर मेणबत्त्या, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार, सगळे सतरंजीवर हात जोडून बसलेले. एक गोष्ट बरी होती. वंदना झाल्याशिवाय कुणी तोंडात दाणाही टाकायचा नाही, हा चाळीचा नियम, त्यामुळे अजून कुणी वडी चाखलेली नव्हती. राजरत्न मुलीचा बाप, पुढच्या ओळीत. उठून जाणार कसा? त्रिशरण एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं की भन्तेजींनी जरा भरभर म्हणावं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. पंचशील झालं. अंगठ्या झाल्या. टाळ्या वाजल्या तसा तो उठला आणि सरळ मावशीच्या खोलीत शिरला.

परात भरलेली होती. सोनेरी, खमंग, वर खोबरं भुरभुरलेलं. मावशी पाटावर बसून तळहात एकमेकांवर चोळत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

“मावशी, पानं कुठली?”

“पिंपातली.” तिने तळहात दाखवले. “खाजरं आहे रे तुझं अळू. आमच्या गावचं रानातलं तेरंसुद्धा एवढं खाजत नाही. पान पण जाड, लाटण्याने शिरा मोडता मोडता जीव गेला. चिंच दुप्पट घातली मग.”

“मावशी, ते अळू नाही.”

मावशीने मान वर केली. “तूच सांगितलंस ना अळू म्हणून. देठ मला हाताला वेगळा लागला. आपल्या अळूचा देठ पानाच्या पोटात चिकटतो, ह्याचा थेट खाचेत. मला शंका आली. पण म्हटलं, राजा नाव चुकत नाही.”

डोळ्यांनी धड दिसत नसतानाही या बाईने बोटांनी बरोबर ओळखलं होतं. परीक्षेत याच फरकाला मुलांना पूर्ण गुण मिळायचे. आणि राजरत्नच्या शब्दाखातर तिने आपली बोटं खोटी ठरवली होती.

दारात किर्ती उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज चढला. मी म्हणत होते, दिसत नाही तर करू नका म्हणत होते, आज पस्तीस माणसांना विष घातलं असतं यांनी, आता परत शेगडीला हात लावून दाखवा म्हणावं. मावशीने पदराने हात झाकून घेतले. राजरत्नने तिला उभ्या आयुष्यात एवढी लहान झालेली बघितली नव्हती, आणि या किर्तीबाईंशी भांडत बसायला वेळही नव्हता, कारण परात तिथे नव्हती. बोलण्याच्या नादात कुणीतरी ती उचलून बाहेर नेली होती.

तो धावत गॅलरीत आला. पानं वाढली जात होती. तो पंक्तीच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “वडी कुणी खाऊ नका. त्यातलं पान खाण्याजोगं नाही. मावशीला ते अळू आहे असं मीच सांगितलं. चूक माझी आहे.”

चाळ हसली. चाळ म्हणजे जाईबाई आधी, मग बाकीचे. राजरत्नभाऊंना नावावरून वाद घालायला बरोबर मुहूर्त सापडला. कुणीतरी शिवडीकरांना समजावून सांगितलं की काही नाही हो, यांचं असंच आहे, आम्ही भेंडीला भेंडी म्हटलं तरी चुकतं. मयूर कसनुसा हसला. विशाखाने कपाळाला हात लावला. मयूरची आत्या, मोठी समजूतदार बाई, तिला वाटलं म्हातारीचा मान जातोय, आपणच सावरून घ्यावं. ती म्हणाली अळू म्हटलं की जरा खाजायचंच, चिंच घातलीय ना, आणि तिने एक वडी उचलून तोंडाकडे नेली.

राजरत्नने ती तिच्या हातातून हिसकावली. मुलीच्या सासरच्या बाईच्या हातातला घास, भर पंक्तीत, साखरपुड्याच्या दिवशी. सगळे आ वासून बघत राहिले. आता या लोकांना आणखी कुठल्या भाषेत सांगायचं, असा त्याला संताप आला, खरा संताप, अडतीस वर्षांचा, आणि त्या संतापात त्याने ती अख्खी वडी आपल्याच तोंडात टाकली आणि चावली.

चव झकास होती. हे त्याने नंतर सगळ्यांना आवर्जून सांगितलं. आंबट, गोड, खमंग. पहिले दोन चावे तर नुसती अळूवडी. मग जिभेच्या टोकाला कुणी टाचण्यांची डबी उलटी केल्यासारखं झालं, मग घशात, मग कानापर्यंत. त्याने उरलेलं थुंकलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, ओठ बघता बघता फुगले. त्याने एक शब्द बोलायला तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही.

आता मात्र सगळ्यांना पटलं. पंक्तीतली परात जाईबाईनेच उचलली आणि थेट कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. पोरांच्या पानांतल्या वड्या आयांनी झटपट काढल्या. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले, घसा बघितला, बर्फ चघळायला सांगितला, थंड दूध सांगितलं, श्वास ठीक आहे म्हणाले आणि अर्धा तास बसून राहिले. शिवडीकरांची आत्या त्याच्या शेजारी बसून वारा घालत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. बर्फाचं भांडं किर्ती घेऊन आली. तिने ते ठेवलं, मावशीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली की मीच तळल्या हो, मलाही कुठे कळलं. तेवढं बोलून ती बाहेर वाढायला गेली.

खोलीत राजरत्न, दीपिका आणि सुंदरामावशी एवढीच राहिली. राजरत्नला वाटलं मावशी आता रडेल, आपली माफी मागेल. मग आपल्याला हातवारे करून नको नको म्हणावं लागेल. पण मावशी संतापली होती.

“विचारलं होतं मी तुला,” ती म्हणाली. “एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. मला काय करायचंय नाव घेऊन, असंच वाटलं ना तुला?”

हे वाक्य आपण कुठे ऐकलं होतं ते राजरत्नला पक्कं ठाऊक होतं. कॉलेजातला पहिला महिना, त्याने एका पानाचं नाव विचारलं होतं, आणि सर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले होते, तुला काय करायचंय नाव घेऊन, तू पानं आण. त्या एका वाक्याच्या रागावर त्याने सगळ्या पट्ट्या पाठ केल्या होत्या. आणि मावशीला त्याने काय वेगळं सांगितलं? त्याला आपली इतकी लाज वाटली की घशातली आग त्यापुढे काहीच नव्हती.

“सांग आता,” मावशी म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. “अओ...” असं काहीतरी बाहेर आलं. जीभ वळेना. मावशी हटेना. शेवटी त्याने कागद मागितला, लिहिलं, आणि नव्या अंगठीच्या हाताने दीपिकाने तो धरून वाचला. अलोकेशिया मॅक्रोरायझॉस.

मावशीने म्हणून बघितलं. चुकलं. दीपिका म्हणाली, राहू दे आजी, अवघड आहे. मावशीने तिला गप्प केलं. पुन्हा चुकलं. राजरत्नने बोटांनी हवेत तुकडे पाडून दाखवले, अ, लो, के. तिसऱ्या खेपेला तिचं बरोबर आलं, शेवटच्या अक्षरासकट.

मग ती भिंतीला धरून उठली. राजरत्नला वाटलं आता जेवायला जाईल. ती गॅलरीत गेली, पहिल्या कुंडीपाशी थांबली, पानाच्या देठावर बोट फिरवलं, खाच लागली तशी मान हलवली आणि हाक मारली, “राजा, बाहेर ये. हा कोण?”

चाळीस कुंड्या होत्या. विशाखा दोनदा जेवायला बोलावून गेली. राजरत्न गालाशी बर्फ धरून कागदावर लिहीत होता, दीपिका वाचत होती, आणि सुंदरामावशी प्रत्येक नाव तोंडाला बसेपर्यंत पुढच्या कुंडीकडे जात नव्हती.